विकास आराखड्यावर हरकत : वेळेवर, लेखी आणि नेमकी

(विक्रोळी पूर्व येथे एका गावकरी मंडळाच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कृषी विद्यापीठाचा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे तो बियाणे, खते, औषधे यांबद्दल सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. आज मीही जमिनीबद्दलच बोलणार आहे. परंतु तिच्या पोताबद्दल किंवा सामूबद्दल नव्हे. जमिनीवर पेरणी होण्याआधी कोणीतरी कचेरीत बसून नकाशावर एक रेघ ओढतो. ती रेघ आपल्या विहिरीवरून जाते की बांधावरून, यावर पुढच्या वीस वर्षांचे पुष्कळ काही ठरते. त्या रेघेबद्दल आपले म्हणणे कधी, कोठे आणि कसे मांडायचे, हा आजचा विषय आहे.

हा विषय विक्रोळीत घेण्याला कारण आहे. कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाईट या वस्त्यांत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची नावे आजही गावच्या सात-बाऱ्यावर आहेत. कोणाचा गट साताऱ्यात, कोणाचा जुन्नरला, कोणाची वरकस जमीन रत्नागिरीत. म्हणजे आपला संबंध दोन आराखड्यांशी येतो. एक, आपण राहतो त्या मुंबईचा. दुसरा, आपली जमीन आहे त्या गावाचा. दोन्हींचा कायदा एकच आहे आणि हरकत घेण्याची रीतही एकच आहे.

खिशात राहिलेले कात्रण

आधी घरातली गोष्ट सांगतो. आमची जमीन एका तालुक्याच्या गावाला लागून होती. गावाची हद्द वाढली आणि आमचा गट हद्दीच्या आत आला. पुढे विकास आराखडा तयार झाला. त्याची नोटीस वर्तमानपत्रात आली ती ऐन सुगीच्या दिवसांत. घरातले सगळे खळ्यावर. वर्तमानपत्र कोण वाचतो? माझा चुलतभाऊ तेव्हा येथेच, कन्नमवार नगरात राहत होता. त्याने ती नोटीस वाचली. गावाचे नाव दिसले म्हणून त्याने कात्रण कापून पाकिटात ठेवले. दिवाळीला गावी आला तेव्हा ते काढून वडिलांच्या हातात दिले. तोपर्यंत मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

आमच्या वीस गुंठ्यांवर, विहिरीसकट, खेळाच्या मैदानाचे आरक्षण पडले होते. मैदान काही झाले नाही. जमीन ताब्यात घेतली गेली नाही, मोबदलाही मिळाला नाही. परंतु त्या तुकड्यावर घर बांधायला परवानगी मिळेना, विकायला काढला तर गिऱ्हाईक आरक्षणाचे नाव ऐकून परत जाई. पुढे कायद्याप्रमाणे नोटीस देऊन ते आरक्षण सुटले. पण जे घर वडिलांना आपल्या हयातीत बांधायचे होते, ते राहूनच गेले.

आमच्या शेजारच्या गटाच्या मालकीण विधवा होत्या. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या विहिरीवरून आराखड्यातला रस्ता जात होता. त्यांनी मुदतीत एक पानाचा अर्ज दिला, सुनावणीला जाऊन उभ्या राहिल्या आणि रस्त्याची रेघ जुन्या गाडीवाटेकडे सरकली. आमच्यात आणि त्यांच्यात फरक शिक्षणाचा नव्हता, ओळखीचाही नव्हता. त्यांनी वाफसा साधला, आम्ही तो घालवला. एवढाच फरक.

आराखडा म्हणजे काय?

महाराष्ट्रात हे सर्व काम 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्याखाली चालते. नगरपालिका, महानगरपालिका किंवा शासनाने नेमलेले प्राधिकरण आपल्या हद्दीचा 'विकास आराखडा' करते. त्याला कागदोपत्री 'विकास योजना' म्हणतात. अनेक तालुके किंवा जिल्हे मिळून मोठ्या क्षेत्राची केली जाते ती 'प्रादेशिक योजना'.

आराखड्यात मुख्यतः तीन गोष्टी दाखवलेल्या असतात. पहिली, विभाग : निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती किंवा हरित. दुसरी, रस्ते : नवे आणि रुंद करावयाचे. तिसरी, आरक्षणे : शाळा, दवाखाना, मैदान, भाजी मंडई, उद्यान इत्यादी. ही सर्व मांडणी साधारणतः वीस वर्षांचा विचार करून केलेली असते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सात-बारा कोरा दिसला म्हणजे जमीन आराखड्यातून सुटली, असे समजू नये. सात-बारा मालकी आणि बोजे सांगतो. जमीन कोणत्या विभागात आहे आणि तिच्यावर आरक्षण आहे का, हे पाहण्यासाठी झोन दाखला आणि भाग नकाशा मागवावा लागतो. हे कागद संबंधित नगरपालिका, प्राधिकरण किंवा नगररचना कार्यालयात अर्ज करून, फी भरून मिळतात. माती परीक्षण जसे ठराविक काळाने करतो, तसा हा दाखलाही एकदा काढून घरात ठेवावा.

इंग्लंडसारख्या देशात शेजाऱ्याने घर वाढवायचा अर्ज केला तरी त्या एका अर्जावर म्हणणे मांडायला रहिवाशांना २१ दिवस मिळतात. आपल्याकडे प्रत्येक इमारतीच्या परवानगीवर अशा सूचना मागवण्याची पद्धत नाही. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लागते, तेथे हरकत देता येते. परंतु कोठे रस्ता, कोठे मैदान, कोठे वस्ती, हे ठरताना बोलण्याची आपली मुख्य संधी म्हणजे आराखडाच. म्हणून ती दवडू नये.

मुंबईचा धडा

लेखी हरकतींनी काय होते, हे पाहायला मुंबईचेच उदाहरण घेऊ. मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळाचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हरकती व सूचनांसाठी ६० दिवस होते. लोकांनी नकाशे उघडून पाहिले तेव्हा पुष्कळ चुका आढळल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तूंच्या नोंदी सुटलेल्या, अनेक गावठाणे आणि कोळीवाडे नीट न दाखवलेले. आरे दुग्ध वसाहतीची मोकळी जमीन बांधकामासाठी खुली करण्याचा प्रस्तावही त्यात होता.

मग गृहनिर्माण संस्था, वस्त्यांतील रहिवासी, कोळी बांधव, वास्तुरचनाकार, निरनिराळ्या संस्था यांनी लेखी हरकती दिल्या. त्यांची संख्या सुमारे ६५,००० झाली. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर पुन्हा हरकती मागवल्या, तेव्हा त्या सुमारे १३,००० आल्या. सात जणांच्या नियोजन समितीने सुनावण्या घेतल्या. शासनाने ८ मे २०१८ रोजी मंजुरी दिली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून आराखडा अंमलात आला.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, छापलेला प्रारूप आराखडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तो बदलू शकतो. दुसरी, लोक आरडाओरडा करून थांबले नाहीत; त्यांनी कागद दिला. तिसरी, आराखडा एकदा बदलला तरी काम संपले नाही. सुधारित प्रारूपावर पुन्हा हरकती द्याव्या लागल्या. पहिल्या वेळी अर्ज दिला होता, म्हणून दुसऱ्या वेळी घरी बसलो, असे करून चालत नाही. पहिली फवारणी झाली म्हणून आपण दुसरी टाळतो काय?

शेतकऱ्यांचीही उदाहरणे आहेत. मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेचे प्रारूप २०१६ मध्ये निघाले, तेव्हा हरित पट्टा राखण्यासाठी वसई तालुक्यातून हजारो हरकती गेल्या. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला. त्यावर सुमारे ६७,००० हरकती आल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडा रद्द करण्याचा निर्णय घेतला.

प्रत्येक हरकत मान्य होते, असे मात्र मी सांगणार नाही. पुष्कळ हरकती फेटाळल्या जातात. परंतु न दिलेली हरकत कधीच मान्य होत नाही, हे तितकेच खरे.

उशीर झाला म्हणजे काय होते?

हेही विक्रोळीतच पाहायला मिळते. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा २१ किलोमीटरचा भुयारी भाग वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत आहे. त्याच्या कामासाठी विक्रोळीत गोदरेज अँड बॉईस कंपनीची जमीन संपादन झाली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ९ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. प्रकल्प सार्वजनिक हिताचा असल्याचे सांगितले. मोबदला २६४ कोटी रुपये ठरला होता.

या प्रकल्पाचे बरे-वाईट ठरवणे हा आजचा विषय नाही. सांगायचा मुद्दा इतकाच की, गोष्ट भूसंपादनापर्यंत पोहोचली म्हणजे रेघ हलवण्याला फारशी जागा उरत नाही. नामांकित वकील उभे करण्याची ऐपत असलेल्या कंपनीलाही ती मिळाली नाही. दीड एकराच्या शेतकऱ्याची काय कथा? भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत हरकत देण्याची तरतूद आहे आणि ती वापरावीच. परंतु बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा आराखड्याच्या वेळीच जागे असणे शहाणपणाचे.

हरकतीच्या वेळा

हरकत देण्याची संधी एकदाच येते, असा समज आहे. तो बरोबर नाही. कायद्यात निरनिराळ्या वेळा आहेत.

१) हद्दवाढ : गाव नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्याआधी प्रारूप अधिसूचना निघते व हरकती मागवल्या जातात. ही पहिली घंटा समजावी.

२) इरादा जाहीर करणे : आराखडा तयार करण्याचा इरादा कलम २३ प्रमाणे राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर होतो. येथे सूचना व हरकतींसाठी किमान ६० दिवस असतात. याच सुमारास विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. आपली विहीर, फळबाग, गोठा, पाइपलाइन, वहिवाटीचा रस्ता या नकाशात आले नाहीत, तर आराखडा करणाऱ्याला ती जागा मोकळी दिसते. पुढच्या बऱ्याच चुका येथे जन्म घेतात.

३) प्रारूप आराखडा : कलम २६ प्रमाणे प्रारूप प्रसिद्ध होते. ही सर्वांत महत्त्वाची वेळ. मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची असते. मुंबईला ६० दिवस मिळाले होते. नक्की मुदत नोटिशीत छापलेली असते, ती वाचून पाळावी. दिवस राजपत्रातील नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, आपण वाचली त्या दिवसापासून नव्हे.

४) शासनाचे बदल : आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे गेल्यावर शासन त्यात मोठे बदल सुचवू शकते. असे बदल पुन्हा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. आपली जमीन पहिल्या प्रारूपात सुटली होती म्हणून गाफील राहू नये; ती येथे सापडू शकते.

५) मंजुरीनंतरचे फेरबदल : मंजूर आराखड्यात एखादे आरक्षण बदलायचे किंवा हटवायचे झाल्यास कलम ३७ प्रमाणे नोटीस निघते व एक महिन्याची मुदत असते. वस्तीजवळचे मैदान वगळून तेथे दुसरेच काही करण्याचा प्रस्ताव याच वाटेने येतो. शहरातल्या रहिवाशांनी या नोटिशींवर विशेष लक्ष ठेवावे.

प्रादेशिक योजनेच्या प्रारूपाला मुदत जास्त, म्हणजे चार महिन्यांची असते. पण चार महिने आहेत म्हणून सुस्त राहिले, तर तेही पेरणी-कोळपणीत निघून जातात.

हरकत कोणी द्यावी?

हरकत कोणालाही देता येते. जमिनीचा मालकच पाहिजे, असे नाही. कूळ, भाडेकरू, झोपडीत राहणारा, सामाईक विहिरीचा हिस्सेदार, शेजारी, गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायत, महिला मंडळ, दूध संस्था हे सर्व देऊ शकतात. सात-बाऱ्यावर बहिणीचे किंवा आईचे नाव असेल तर तिनेही आपल्या सहीने स्वतंत्र अर्ज द्यावा. विक्रोळीत राहणाऱ्या हिस्सेदाराने गावच्या आराखड्यावर अर्ज देण्यात काहीच अडचण नाही. अर्जावर येथील पत्ता घालावा, म्हणजे सुनावणीची नोटीस चुकणार नाही.

शब्दातला फरकही लक्षात घ्यावा. जे दाखवले आहे ते नको, ही 'हरकत'. जे नाही ते हवे, किंवा आहे त्यात अमुक सुधारणा व्हावी, ही 'सूचना'. दोन्ही देता येतात. मैदान नको म्हणताना ते कोठे घेता येईल, हेही सांगितले तर अर्जाला वजन येते. गावाला शाळा, दवाखाना, स्मशानाची जागा हवीच असते. सगळ्यांनी 'माझ्या गटात नको' एवढेच म्हटले तर नियोजन करणाराने कोठे जावे? गावची गायरान किंवा सरकारी पड जमीन उपलब्ध असेल तर तिचा गट नंबर द्यावा.

अर्ज करण्यापूर्वीची तयारी

अ) नकाशा प्रत्यक्ष पाहावा. प्रारूप आराखडा कोठे पाहायला मिळेल, हे नोटिशीत लिहिलेले असते. आता बहुतेक ठिकाणी तो संकेतस्थळावरही ठेवतात. मोबाईलवर पाहून समाधान मानू नये. कचेरीत जाऊन आपला गट ज्या शीटवर आहे तिची प्रत फी भरून घ्यावी.

आ) आपला गट नकाशावर ओळखावा. गाव नकाशा आणि मोजणीची नक्कल सोबत न्यावी. ओढा, जुना रस्ता, देऊळ, शाळा या खुणांवरून जागा पटते. जरूर वाटल्यास तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा भूमी अभिलेखच्या माणसाची मदत घ्यावी. मुंबईत सर्व्हे नंबरऐवजी नगर भूमापन क्रमांक व मालमत्ता पत्रक लागते.

इ) पुरावा गोळा करावा. सात-बारा, आठ-अ, विहिरीची नोंद, वीजबिल, पीक पाहणी, फळबागेचे कागद, फोटो. फोटोच्या मागे तारीख आणि गट नंबर लिहावा.

ई) ग्रामसभेचा ठराव जोडावा. प्रश्न साऱ्या गावाचा असेल तर ठरावाची नक्कल उपयोगी पडते. परंतु ठराव झाला म्हणून वैयक्तिक अर्ज टाळू नये.

अर्जाचा नमुना

शेजारच्या बाईंनी दिलेल्या अर्जासारखाच हा नमुना आहे. रिकाम्या जागी आपली माहिती भरावी.

"प्रति, (नोटिशीत नमूद केलेले अधिकारी व पत्ता). विषय : ..... शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकत व सूचना. संदर्भ : राजपत्रातील नोटीस, दिनांक ......

महोदय, मौजे ..... येथील गट नंबर ....., क्षेत्र ..... हेक्टर ..... आर ही जमीन माझ्या वहिवाटीची असून सात-बारा उतारा सोबत जोडला आहे. प्रारूप आराखड्याच्या शीट नंबर ..... मध्ये या गटातून ..... मीटर रुंदीचा रस्ता दाखवला आहे. या रस्त्यात माझी चालू विहीर येते. तिच्यावर माझे व शेजारच्या गटाचे मिळून ..... क्षेत्र भिजते. विद्यमान जमीन वापराच्या नकाशात ही विहीर दाखवलेली नाही. सदर रस्ता गट नंबर ..... व ..... यांच्यामधील जुन्या गाडीवाटेवरून नेल्यास विहीर वाचते व रस्त्याची लांबीही वाढत नाही. तरी आराखड्यात तशी दुरुस्ती करावी व मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी. नाव, पत्ता, दूरध्वनी, सही, दिनांक. सोबत : सात-बारा, मोजणी नक्कल, विहिरीचा फोटो, रेघ दाखवलेली शीटची प्रत."

पाहा, या अर्जात कोणावर राग नाही, भाषण नाही, 'अन्याय' हा शब्दही नाही. जागा कोणती, चूक कोणती, परिणाम काय आणि उपाय काय, या चार गोष्टी आहेत. एवढे एका पानात बसते. शेवटच्या ओळीतील सुनावणीची मागणी विसरू नये.

अर्ज दोन प्रतींत करावा. एक कचेरीत द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ही पोच म्हणजे आपली पावती. जाणे शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावा व पावती जपून ठेवावी. मात्र तो मुदतीच्या आत पोहोचेल असे पाहावे. संकेतस्थळावरून हरकत स्वीकारत असतील तर नोंद क्रमांकाचा कागद छापून घ्यावा.

छापील अर्जांचे काय?

काही वेळा एखादी संस्था छापील अर्ज वाटते व लोक खाली सह्या करतात. त्याचा उपयोग नाही असे नाही. मुंबईत हरकतींच्या संख्येनेही परिणाम झाला. परंतु हजार अर्जांचा मजकूर एकच असला म्हणजे सुनावणीत ते एकाच गठ्ठ्यात निघतात. म्हणून छापील अर्ज दिला तरी आपल्या गटापुरता, आपल्या इमारतीपुरता, आपल्या हाताने लिहिलेला दुसरा अर्ज जरूर द्यावा. विहीर कोठे आहे, हे आपल्यालाच माहीत असते.

सुनावणीला जाताना

हाजीर तो वजीर, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. विकास आराखड्याच्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. मुंबईची समिती अशीच सात जणांची होती. अर्ज देऊन सुनावणीला गैरहजर राहिले तर आपले म्हणणे कागदावरच राहते.

सुनावणीला वेळ थोडा मिळतो. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात. पोच आणि सर्व कागद क्रमाने लावून न्यावेत. नकाशाच्या प्रतीवर आपला गट हिरव्या आणि हवी असलेली रेघ लाल पेन्सिलीने दाखवावी. बोलण्याची सुरुवात गट नंबर आणि शीट नंबरने करावी. वाडवडिलांचा इतिहास सांगण्यात वेळ घालवू नये. एकाच रस्त्याने बाधित होणाऱ्यांनी एकत्र जावे, पण बोलण्यासाठी एक-दोघांनाच पुढे करावे. जागेची पाहणी व्हावी, अशी विनंती करावी. आपण हजर होतो याची नोंद करून घ्यावी.

मुदत चुकली असेल तर?

चुकली म्हणून हातपाय गाळू नयेत. पुढच्या वेळा वर सांगितल्याच आहेत. शासनाने सुचवलेल्या बदलांवर लक्ष ठेवावे. आपली विहीर किंवा घर नकाशात चुकीचे दाखवले असेल तर कलम ३७ खाली फेरबदल करावा, असा अर्ज संबंधित नगरपालिकेकडे करता येतो.

आरक्षण पडून बराच काळ झाला आणि जमीन ताब्यात घेतली नसेल तर कलम १२७ वाचावे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला मालकीच्या कागदांसह खरेदीची नोटीस देता येते. नोटीस पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर ते आरक्षण व्यपगत होते, म्हणजे जमीन त्यातून मोकळी होते. ही मुदत पूर्वी कमी होती. २०१५ च्या दुरुस्तीपासून ती २४ महिने आहे. ही नोटीस मात्र जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावी, कारण त्यात कागद अपुरा राहिला तर पुन्हा सुरुवात करावी लागते.

हिशेब करून पाहा. दहा वर्षे आणि वर दोन वर्षे, म्हणजे बारा वर्षे. आंब्याचे कलम लावले असते तर इतक्या काळात ते भरात आले असते. मुदतीतला एक पानाचा अर्ज ही बारा वर्षे वाचवू शकतो.

आजपासून काय करावे?

गावी असलेल्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि स्थानिक वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशींच्या पानावर नजर ठेवावी. 'इरादा जाहीर', 'प्रारूप', 'हद्दवाढ', 'फेरबदल', 'हरकती व सूचना' हे शब्द दिसले की पान बाजूला काढावे. ग्रामसभेत हे काम दोन तरुणांकडे सोपवावे. सुगीत सगळ्यांना वेळ नसतो; दोघांना काढता येतो.

विक्रोळीकरांनी दोन कामे करावीत. राहत्या जागेबाबत, आपली वस्ती कोणत्या विभागात येते ते पाहावे. कन्नमवार नगर, टागोर नगर हा भाग महापालिकेच्या एस विभागात येतो आणि त्याचे कार्यालय भांडुपला आहे. तेथे किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर २०३४ चा मंजूर आराखडा काढून आपल्या वस्तीतील मैदान, उद्यान, शाळा, दवाखाना यांची आरक्षणे वहीत लिहून ठेवावीत. पुढे एखाद्या फेरबदलाची नोटीस आली तर ती कोणत्या जागेची आहे, हे लगेच कळेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय दहा मिनिटे घेतला तरी पुरे.

दुसरे काम गावाचे. मंडळाच्या वहीत प्रत्येक सभासदाने आपले गाव, गट नंबर आणि गावी राहणाऱ्या भावाचा किंवा पुतण्याचा फोन नंबर लिहावा. वर्तमानपत्रात गावाचे नाव दिसले तर त्याच दिवशी फोन करावा, फोटो काढून पाठवावा. आता त्याला पैसेही पडत नाहीत.

माझ्या चुलतभावाने नोटीस वाचली होती, कापलीही होती. आमचा सगळ्यांचा तोटा झाला तो त्याच्या आळसामुळे नव्हे. त्याला वाटले, हे सरकारी काम आहे, आपण त्यात काय बोलणार? कायदा मात्र आपल्याला बोलावतो. तारीख, पत्ता आणि मुदत देऊन बोलावतो. तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, यापुढे असे कात्रण हाती आले तर ते खिशात ठेवू नका. त्याच संध्याकाळी गावी कळवा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसा.